सुपर बोलचा सोमवार

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या सोमवारी आमच्या ऑफिसात कॉफी मशीनपुढे उभी असलेली माणसं एका आईची लेकरं वाटतात. सगळ्यांचे डोळे तांबारलेले, सगळ्यांचे आवाज बसलेले. निम्मी टीम तर आलेलीच नसते. कुणाला रात्रीत कणकण आलेली असते, कुणाच्या तळघरात पाणी शिरलेलं असतं, कुणी 'आज घरूनच' असा एका ओळीचा मेसेज टाकून मोकळा झालेला असतो. साहेब काही म्हणत नाहीत, कारण साहेबही अकराला उगवतात. आणि मग कुणीतरी ते ठरलेलं वाक्य टाकतंच: हा सामना शनिवारी ठेवायला यांचं काय जातं?

सामना म्हणजे सुपर बोल. एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा अंतिम सामना. या फुटबॉलमध्ये चेंडूला पाय क्वचितच लागतो, पण त्यावर आता वाद घालण्यात अर्थ नाही. इथे न्यू जर्सीत सामना संध्याकाळी साडेसहाला सुरू होतो. घड्याळाप्रमाणे खेळ एक तासाचा, पण मधल्या जाहिराती, मध्यंतराचा गाण्याबजावण्याचा कार्यक्रम, पंचांनी पुन्हा पुन्हा पडद्यात डोकं घालून बघणं, हे सगळं धरून सव्वादहा-साडेदहा वाजतातच. कधी त्याहून जास्त. २०१३ साली न्यू ऑर्लिन्सच्या स्टेडियममधले दिवे गेले आणि खेळ ३४ मिनिटं थांबला. २०१७ मध्ये न्यू इंग्लंडचा, म्हणजे बॉस्टनकडचा, संघ २८-३ असा मागे पडला, तेव्हा आमच्याकडे पावणेनऊ वाजले होते. दुसऱ्या दिवशी शाळा. धाकट्याला अंथरुणात घातलं. पुढे त्या संघाने बरोबरी साधली, सुपर बोलच्या इतिहासात पहिल्यांदाच जादा वेळ खेळवावा लागला, आणि ३४-२८ ने ते जिंकले. बॉस्टनकडच्या किती मुलांनी आपल्या संघाचा सगळ्यात मोठा विजय झोपेत घालवला असेल, देव जाणे.

तेव्हा तक्रार खरी आहे, आणि ती फक्त आळशी लोकांची नाही. २०२० साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळकरी मुलाने सामना शनिवारी हलवा म्हणून ऑनलाइन अर्ज काढला, त्यावर हजारो सह्या पडल्या. २०२३ मध्ये टेनेसीच्या विधिमंडळात वेगळाच प्रस्ताव आला: कोलंबस डेची सुट्टी रद्द करा आणि ती सुपर बोलनंतरच्या सोमवारला द्या. म्हणजे सामना हलत नसेल तर कॅलेंडर हलवा. कोलंबसावर हल्ली तशीही बरीच संक्रांत आलेली आहे. त्या विधेयकाचं पुढे काही झालं नाही.

लीगचं उत्तर मात्र ठरलेलं आहे. कमिशनर रॉजर गुडेल यांचं म्हणणं असं की रविवारी रात्री टीव्हीपुढे बसणारी माणसं शनिवारपेक्षा कितीतरी जास्त असतात. यात तथ्य आहे. अमेरिकेत शनिवारची रात्र टीव्हीवाल्यांच्या दृष्टीने भाकड. लोक बाहेर जेवायला जातात, सिनेमाला जातात, मुलांना घेऊन कुणाकडे तरी राहायला जातात. रविवारी संध्याकाळी मात्र सगळे आपापल्या घरट्यात परतलेले असतात आणि सोमवारच्या धास्तीने कुठे जात नाहीत. २०२५ चा सुपर बोल सरासरी १२ कोटी ७७ लाख लोकांनी पाहिला. ३० सेकंदांच्या जाहिरातीला ८० लाख डॉलरपर्यंत भाव गेला. एवढं दुभतं जनावर कोण दुसऱ्या गोठ्यात नेऊन बांधेल?

पण 'रविवार म्हणजे रविवारच' हे जितकं सनातन वाटतं, तितकं ते नाही. हा खेळ रविवारी खेळायला एके काळी काही राज्यांत बंदी होती. रविवार प्रार्थनेचा वार, त्या दिवशी धंदा नाही, खेळ नाही, अशा कायद्यांना इथे 'ब्लू लॉ' म्हणतात. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात रविवारचे व्यावसायिक सामने १९३३ पर्यंत बेकायदेशीर होते. त्या वर्षी लोकांनी मतदान करून बंदी उठवली आणि त्याच वर्षी फिलाडेल्फिया ईगल्स हा संघ जन्माला आला. मग शनिवारच का घेतला नाही? कारण शनिवार कॉलेजांचा होता. कॉलेज फुटबॉल आधीपासून रुजलेलं आणि त्या काळी कितीतरी लोकप्रिय. पैसे घेऊन खेळणाऱ्यांच्या वाट्याला उरलासुरला वार आला. पुढे १९६१ मध्ये सगळ्या संघांचे टीव्ही हक्क एकत्र विकायची मुभा देणारा कायदा झाला, त्यातही कॉलेजांची सोय बघितली गेली: सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी एनएफएलने त्यांच्या आड येऊ नये. फेब्रुवारीत तो अडसर नाही. जानेवारीतले बाद फेरीचे सामने तर शनिवारी होतातच, आणि लोक ते आवडीने बघतातही.

या ब्लू लॉची एक गंमत आमच्या अगदी जवळ आहे. न्यूयॉर्कचे म्हणून मिरवणारे जायंट्स आणि जेट्स हे दोन्ही संघ प्रत्यक्षात खेळतात न्यू जर्सीत, ईस्ट रदरफर्डच्या मेटलाइफ स्टेडियमवर. ते गाव बर्गन काउंटीत येतं, आणि बर्गन काउंटीत आजही रविवारी कपडे आणि फर्निचर विकायला कायद्याने बंदी आहे. नव्यानेच राहायला आलेल्या एका जोडप्याला मी एका रविवारी सोफा बघायला त्याच काउंटीतल्या पॅरामसला घेऊन गेले होते. एवढा थोरला पार्किंग लॉट, त्यात आमची एकच गाडी, आणि काचेच्या दारावर 'रविवारी बंद'. तिथून थोड्याच मैलांवर स्टेडियममध्ये ८० हजार माणसं ओरडत होती. उशी विकणं पाप, पण चेंडूसाठी एकमेकांच्या अंगावर कोसळणं चालतं. रविवारचं पावित्र्य हे असं सोयीसोयीने वाकतं.

आणि वार हलवायची तयारी लीगने एकदा केलेली आहे, तीही याच स्टेडियमसाठी. २०१४ चा सुपर बोल इथे झाला. थंड प्रदेशात, उघड्या मैदानावर होणारा तो पहिलाच. हिमवादळ आलं तर काय, म्हणून सामना शुक्रवारी, शनिवारी किंवा सोमवारी घेण्याच्या योजना आखून ठेवल्या होत्या. प्रत्यक्षात २ फेब्रुवारीच्या रविवारी हवा इतकी छान पडली की लोक जाकिटं काढून बसले होते, सिएटलने डेन्व्हरचा ४३-८ असा धुव्वा उडवला, आणि सोमवारी सकाळी बर्फाने सगळं ठप्प झालं. म्हणजे जी गोष्ट लोकांच्या झोपेसाठी अशक्य, ती बर्फासाठी शक्य होती. २००१ मध्ये ९/११ नंतर वेळापत्रक एक आठवडा पुढे सरकलं, तेव्हा न्यू ऑर्लिन्समध्ये त्याच तारखांना मोटार विक्रेत्यांचं मोठं अधिवेशन भरायचं होतं. त्यांच्याशी घासाघीस करून तारखा बदलून घेतल्या. पहिला सुपर बोल १५ जानेवारी १९६७ चा, आता तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारपर्यंत घसरत आला आहे. तारीख सरकते, महिना बदलतो, वार तेवढा हलत नाही.

इथपर्यंत वाचून मी शनिवारच्या बाजूची आहे असं वाटेल. तशी मी बरीच वर्षं होतेही. त्यात थोडी आपल्याकडची अंधश्रद्धाही होती. भारताने १९८३ चा विश्वचषक जिंकला तो शनिवार, २ एप्रिल २०११ शनिवार, २९ जून २०२४ शनिवार. २००३ आणि २०२३ चे अंतिम पराभव रविवारचे. मारुतीचा वार, शेवटी तो मारुतीचा वार. (नवी मुंबईत २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी रविवारीच विश्वचषक उचलला आणि माझा सिद्धांत निकालात काढला. आनंदाने काढू दिला.) २०११ चा सामना इथे पहाटे पाचला सुरू झाला होता. धोनीचा षटकार पडला तेव्हा आमच्याकडे भर दुपार होती, आपल्या लोकांच्या दुकानांनी भरलेल्या ओक ट्री रोडवर गाड्यांचे हॉर्न संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी कुणालाच कुठे जायचं नव्हतं. अंतिम सामना असा असावा, की जिंकल्यावर मोकळेपणी झोपता यावं.

माझं मत फिरलं ते फुटबॉलमुळे नव्हे, मराठी मंडळामुळे.

इथली मराठी माणसं वार हलवण्यात पटाईत. गणपती चतुर्थीला घरी बसतात खरे, पण सार्वजनिक उत्सव जवळच्या शनिवारी. दिवाळी शनिवारी. संक्रांतीचं हळदीकुंकू जानेवारीच्या ज्या शनिवारी शाळेचं सभागृह मिळेल त्या शनिवारी. पाडव्याची गुढी सकाळी दाराशी उभारायची आणि 'पाडवा' मात्र अकरा दिवसांनी साजरा करायचा. यात मला कधीच काही गैर वाटलं नाही. पंचांग बघून रजा काढायला लागलो तर वर्षाच्या सगळ्या रजा श्रावणातच संपतील.

पण मी दोन वर्षं मंडळाच्या कार्यकारिणीत होते आणि शनिवार म्हणजे काय चीज आहे ते तिथे कळलं. दिवाळीचा कार्यक्रम शनिवारी चारला. कुणी येतं चारला, कारण सातला दुसरीकडे साखरपुडा. कुणी येतं सहाला, कारण मुलीचा सॉकरचा सामना. कुणी फक्त जेवणापुरतं. कुणी जेवण बांधून घेऊन जातं. एक काका दर वर्षी विचारतात, "फराळाचं पाकीट नुसतं उचलून गेलो तर चालेल का हो ताई? पुढे अजून एक दिवाळी आहे." त्यांच्या शनिवारात खरोखर तीन दिवाळ्या असतात. नाटक चालू असताना मागच्या दारातून अखंड ये-जा. सगळे आले होते, असं यादी सांगते. पण सगळे एका वेळी त्या खोलीत होते, असं एकदाही झालं नाही. तिथी हलवल्याने देव कोपला नाही. आम्ही एकत्र तेवढे बसलो नाही.

शनिवार मोकळा असतो म्हणून तो सगळ्यांनी आधीच भरून टाकलेला असतो. रविवारची रात्र कुणालाच नको असते, म्हणून ती रिकामी राहते. आणि रिकामी राहते म्हणूनच या एवढ्या देशात एका रात्री सगळे एकाच गोष्टीपुढे बसतात. त्या रविवारी सात वाजता आमच्या गल्लीतून चक्कर मारली, तर प्रत्येक खिडकीत तोच हिरवा उजेड हलताना दिसतो. रस्त्यावर कुत्रं फिरवणारासुद्धा नसतो. समोरचे आजोबा, ज्यांच्याशी माझं वर्षभर पाचोळा आणि बर्फ यापलीकडे बोलणं होत नाही, ते मध्यंतरात येऊन आमच्या बटाटेवड्यांचा समाचार घेतात आणि लसणाच्या चटणीला 'त्या लाल पावडरचं काय नाव म्हणालीस' असं दर वर्षी नव्याने विचारतात. शनिवारी ते मुलीकडे कनेटिकटला गेलेले असतात.

शनिवारचा आणखी एक हिशेब आहे, तो कॉफी मशीनपुढे कुणी मांडत नाही. आमच्या ओळखीचा एक मुलगा रात्री हॉटेलात वेटरचं काम करून कॉलेजची फी भरतो. इथे वेटरचा पगार नावालाच, खरी कमाई टिपांवर. शनिवारची रात्र म्हणजे त्याचा आठवड्याचा निम्मा गल्ला. सुपर बोल शनिवारी गेला तर त्याची वर्षातली एक चांगली रात्र बुडाली, कारण सगळी गिऱ्हाइकं घरात टीव्हीपुढे. रविवारी त्याचं हॉटेल तसंही ओस असतं, उलट पिझ्झावाल्यांच्या घरपोच गाड्यांना त्या दिवशी दम खायला फुरसत नसते. माझी एक मैत्रीण हॉस्पिटलात रात्रपाळी करते. तिला विचारलं, तर म्हणाली, "अगं, मला शनिवार काय नि रविवार काय. माझा सोमवार रविवारी संध्याकाळी सातलाच उजाडतो." शनिवारची मागणी करणारे आम्ही सगळे सोमवार ते शुक्रवार खुर्चीत बसून काम करणारे. देशाचा वीकएंड आपल्यासारखाच आहे, असं आम्ही धरूनच चालतो.

युरोपचं उदाहरण लोक हमखास देतात, आणि ते वजनदार आहे. तिकडच्या, पायाने खेळायच्या फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना वर्षानुवर्षं बुधवारी व्हायचा. २०१० मध्ये तो शनिवारी नेला, माद्रिदला, इंटर मिलानने बायर्नला २-० हरवलं तो. कुटुंबांना, लहान मुलांना बघता यावा, हे कारण दिलं गेलं. कुणाचं काही बिघडलं नाही. पण तिथे बुधवारमधून शनिवारी यायचं होतं. आठवड्याच्या मधोमध पडलेला सामना सुट्टीच्या दिवशी आणणं वेगळं, आणि एका सुट्टीतून दुसऱ्या सुट्टीत ढकलणं वेगळं. मला त्यांची पुढची खेळी जास्त शहाणपणाची वाटते. २०२६ चा अंतिम सामना बुडापेस्टला, शनिवारीच, पण रात्री नऊऐवजी संध्याकाळी सहाला ठेवायचं त्यांनी ठरवलं. वार तोच, तीन तास अलीकडे.

तेच इथे करा की! दुपारी तीनला सुरू करा. सातच्या आत सगळं आटपेल. पोरं सामना शेवटपर्यंत बघतील, भांडतील, जेवतील आणि नऊला झोपतील. सोमवारी ऑफिसात कुणाच्या तळघरात पाणी शिरणार नाही. कॅलिफोर्नियात तेव्हा दुपारचे बारा वाजलेले असतील, तर त्याचं एवढं काय? तिकडची माणसं एरवी दर रविवारी सकाळी दहाला, दात घासता घासता, पूर्वेकडचे सामने बघतातच. आणि यात नवीन काही नाही. १९६७ चा पहिला सुपर बोल लॉस एंजेलिसला दुपारच्या उन्हातच झाला होता. सगळ्यात महाग तिकीट १२ डॉलर, आणि तरी हजारो खुर्च्या रिकाम्या. तो रात्रीत शिरला १९७८ मध्ये, न्यू ऑर्लिन्सच्या छप्पर असलेल्या स्टेडियममध्ये. छताखाली ऊन काय नि अंधार काय, खेळाडूंना फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो जाहिरातींच्या दराला.

आता लीगच्या मनात आणखी एक वाट घोळते आहे असं दिसतं: साखळी सामने १७ चे १८ करायचे, म्हणजे सुपर बोल आपोआप आणखी पुढे जाऊन प्रेसिडेंट्स डेच्या आदल्या रविवारी पडेल आणि सोमवारी सुट्टी असेल. आमच्या ऑफिसात या बातमीने उकळ्या फुटल्या. मला त्यात लबाडी दिसते. लोकांच्या झोपेच्या नावाखाली आणखी एक आठवडा सामने विकायचे, आणि आधीच मोडलेले गुडघे, हादरलेले मेंदू घेऊन खेळणाऱ्यांना अजून एकदा मैदानात उतरवायचं. शिवाय प्रेसिडेंट्स डेची सुट्टी त्या वेटर मुलाला नाही आणि माझ्या मैत्रिणीलाही नाही.

दुपारी तीनचा माझा प्रस्ताव घरात मांडला. नवऱ्याने मान डोलावली, पण तो बहुतेक वाक्यांना डोलावतो. आता शिंग फुटलेल्या धाकट्याने मात्र उडवून लावला. "आई, मध्यंतराचा शो काय उन्हात करणार? लाइट्स कशा दिसतील? ड्रोन कसे दिसतील?" त्याच्या पिढीतले निम्मे लोक सामना मध्यंतरासाठीच बघतात, हे मी विसरलेच होते. मी म्हटलं, दिवे जरा कमी झगमगले तर बिघडलं कुठे, गाणं तर तेच असेल ना? त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला ट्रंक कॉल लावायला सांगितलं होतं. मग त्याने विचारलं, बटाटेवडे तीन वाजता करणार का सातला. तिनाच्या आधी करायचे तर मला बाराला ओट्याशी उभं राहावं लागेल, हा मुद्दा मी अजून त्याच्यापुढे मान्य केलेला नाही.